अणू किती मोठा, इलेक्ट्रॉन किती घट्ट: एका आलेखाची शंभर वर्षे

१८६० साली युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांमध्ये पाण्याच्या सूत्रावरही एकमत नव्हते. कोणी ऑक्सिजनचा अणुभार ८ धरत, कोणी १६. त्यामुळे एकाच्या वहीत पाणी म्हणजे हायड्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक, तर दुसऱ्याच्या वहीत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक. गोंधळ इतका होता, की आउगुस्ट केकुले यांनी १८६१च्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसेटिक आम्लाची तेव्हा प्रचारात असलेली १९ सूत्रे छापली. अणूचा भारच जिथे ठरत नव्हता, तिथे त्याचा आकार किंवा त्याच्या अंगचे इतर गुण मोजण्याची गोष्टच नव्हती.

हा तिढा सोडवण्यासाठी ३ सप्टेंबर १८६० रोजी जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरात सव्वाशेहून अधिक रसायनशास्त्रज्ञ जमले. तीन दिवस चर्चा झाली, ठराव मात्र कोणताच झाला नाही. परिषद उठताना इटलीच्या स्तानिस्लाओ कान्निझारो यांची एक छोटी पुस्तिका प्रतिनिधींच्या हाती पडली. वायूंच्या घनतेवरून अणुभार कसे काढावेत, हे तीत नीट मांडले होते. घरी परतताना ती वाचणाऱ्यांत तिशीतले लोथार मायर होते. ती पुन्हा पुन्हा वाचताना डोळ्यांवरची झापड उडाली, अशा अर्थाचे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्याच परिषदेला रशियाचे दिमित्री मेंडेलीव्हही होते. खात्रीचे अणुभार हाती आल्यावर दहा वर्षांच्या आत या दोघांनी, एकमेकांवर विसंबून न राहता, मूलद्रव्यांची आवर्ती मांडणी शोधली.

मायर यांचा आलेख

मेंडेलीव्ह यांची सारणी १८६९च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाली आणि ती आज प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आहे. मायर यांचे काम त्या मानाने विस्मरणात गेले. अणूच्या आकाराची गोष्ट मात्र त्यांच्यापासूनच सुरू होते. मायर यांचे शिक्षण वैद्यकाचे. १८६८ साली ते कार्ल्सरूहेच्या तंत्रशाळेत रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले आणि त्याच शहरात, डिसेंबर १८६९मध्ये, त्यांनी आपला आलेख मांडणारा निबंध पुरा केला. पुढच्या वर्षी तो छापून आला आणि त्याच वर्षी फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले. तेव्हा मायर यांनी तंत्रशाळेच्या इमारतीत उभारलेल्या इस्पितळात जखमी सैनिकांवर उपचार केले.

त्यांची युक्ती साधी होती. मूलद्रव्याच्या अणुभाराला त्याच्या घनतेने भागले, की ठरावीक संख्येने अणू घेतले असता ते किती जागा व्यापतात हे कळते. याला त्यांनी अणुघनफळ म्हटले. आजच्या आकड्यांनी हा हिशोब करून पाहू. सोडियमचा अणुभार २३ आणि घनता ०.९७, म्हणजे अणुघनफळ साधारण २३.७ घनसेंटिमीटर. त्याच्या पुढचा मॅग्नेशियम १४. त्यापुढचा ॲल्युमिनियम १०. मग आलेख वळतो: सिलिकॉन १२, फॉस्फरस १७, गंधक साडेपंधरा. आणि पोटॅशियम येताच आकडा एकदम ४५वर जातो.

आडव्या अक्षावर अणुभार आणि उभ्या अक्षावर अणुघनफळ घेऊन मायर यांनी तेव्हाची ज्ञात मूलद्रव्ये मांडली, तेव्हा कागदावर डोंगरांची रांग उभी राहिली. शिखरांवर लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम हे अल्क धातू. दऱ्यांमध्ये बोरॉन, ॲल्युमिनियम, तसेच लोखंड-निकेलसारखे कठीण धातू. चढावर सहज वितळणारे किंवा वायुरूप होणारे पदार्थ, उताराच्या तळाशी महत्प्रयासाने वितळणारे. प्रत्येक शिखर आधीच्याहून उंच. जिथे घनता ठाऊक नव्हती तिथे मायर यांनी तुटक रेषा ओढून जागा राखली. सीझियमचा शोध १८६०मध्येच लागला होता, पण तो धातूरूपात वेगळा करता आला १८८२ साली. आज आपण जाणतो, की ७० घनसेंटिमीटरच्या आसपास अणुघनफळ असलेला सीझियम हे त्या रांगेचे पुढचे शिखर आहे.

अणुघनफळ या राशीवर मेंडेलीव्ह यांचाही भरवसा होता, आणि त्याची कसोटी लवकरच लागली. ॲल्युमिनियमखालच्या रिकाम्या घरासाठी त्यांनी १८७१ साली अणुभार सुमारे ६८, घनता ५.९ आणि अणुघनफळ ११.५ असे भाकीत केले होते. १८७५ साली पॅरिसमध्ये पॉल एमील लकॉक द बोआबोद्राँ यांना गॅलियम सापडले. त्यांनी मोजलेली घनता ४.७ भरली. ज्यांनी हा धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्या मेंडेलीव्ह यांनी कळवले, की नमुना पुन्हा शुद्ध करून मोजा. पुन्हा मोजल्यावर उत्तर ५.९ आले. १८८२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने डेव्ही पदक मेंडेलीव्ह आणि मायर या दोघांना मिळून दिले.

लय सापडली होती, कारण सापडले नव्हते. अणूंचा भार वाढत असताना त्यांचा आकार एका ओळीत कमी का होतो आणि पुढच्या ओळीच्या आरंभी अचानक का फुगतो, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकाकडे नव्हते. अणू अविभाज्य मानला, तर ते मिळणेही शक्य नव्हते. अणू आणखी लहान घटकांचा बनला असावा, असा मायर यांचा कल होता. १८९५मध्ये ते गेले. दोनच वर्षांनी जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला.

पाऱ्याच्या वाफेतले ४.९ व्होल्ट

इलेक्ट्रॉन सापडल्यावर नवा प्रश्न उभा राहिला: अणू आपला इलेक्ट्रॉन किती घट्ट धरून ठेवतो? वायुरूपातल्या अणूपासून सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन ओढून काढायला जी ऊर्जा लागते, ती आयनीभवन ऊर्जा. ती इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात सांगतात.

१९११ साली रदरफर्ड यांनी अणूच्या मध्यभागी धनभारित केंद्रक असल्याचे दाखवले. १९१३ साली नील्स बोर यांनी हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागेल हे सिद्धांतावरून काढले, ती १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्याच वर्षी हेन्री मोझली यांनी क्ष-किरणांच्या साह्याने मूलद्रव्यांचा खरा क्रम भाराने नव्हे, तर केंद्रकावरील प्रभाराने ठरतो हे सिद्ध केले. मायर यांच्या आलेखाचा आडवा अक्षच बदलला आणि अणुभाराच्या जागी अणुक्रमांक आला. मोझली १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मारले गेले.

अणूची इलेक्ट्रॉनवरची पकड प्रयोगाने मोजण्याचा प्रयत्न बर्लिनमध्ये जेम्स फ्रँक आणि गुस्टाव्ह हर्ट्झ करत होते. काचेच्या नळीत पाऱ्याची वाफ, एका टोकाला तापलेली तार, तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन आणि त्यांना वेग देणारा वाढता विद्युतदाब. दाब वाढवत नेला तसा प्रवाह वाढत गेला, पण ४.९ व्होल्टला तो धाडकन खाली आला. पुन्हा चढला आणि तेवढ्याच अंतराने पुन्हा पडला. पाऱ्याचे अणू इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ठरावीक मापानेच घेत होते. १९१४ साली दोघांनी निष्कर्ष काढला, की ४.९ ही पाऱ्याची आयनीभवन ऊर्जा.

बोर यांनी पुढच्याच वर्षी हा अर्थ नाकारला. त्यांच्या मते ४.९ व्होल्टला पाऱ्याचा इलेक्ट्रॉन अणूतून बाहेर पडत नाही, तो वरच्या पायरीवर चढतो आणि खाली येताना अतिनील प्रकाश देतो. १९१७ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगांनी बोर बरोबर ठरले. पाऱ्याची खरी आयनीभवन ऊर्जा १०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. प्रयोग अचूक होता, त्याचा अर्थ लावण्यात घोळ झाला होता. अर्थ लागताच हा प्रयोग नव्या पुंजवादाचा भक्कम पुरावा बनला आणि दोघांना १९२५चे नोबेल मिळाले. दरम्यान वर्णपटातल्या रेषा जिथे दाट होत संपतात ती सीमा मोजून एकेका मूलद्रव्याचा आकडा ठरत गेला. सोडियम ५.१४, पोटॅशियम ४.३४, रुबिडियम ४.१८, सीझियम ३.८९. अणू जितका मोठा, तितकी बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची पकड सैल. मायर यांच्या आलेखातली शिखरे आता आयनीभवन ऊर्जेच्या नव्या आलेखात दऱ्यांच्या तळाशी दिसू लागली.

कलकत्त्यातून सूर्यापर्यंत

या आकड्यांचे मोल भारतात बसून एका तरुणाने ओळखले. मेघनाद साहा यांचा जन्म १८९३ साली ढाक्याजवळच्या एका खेड्यात, छोट्या दुकानदाराच्या घरी झाला. १९२०च्या सुमारास ते कलकत्ता विद्यापीठात शिकवत होते. ताऱ्यांच्या पोटातल्या अणूंच्या आयनीभवनावरचा जॉन एगर्ट यांचा जर्मन निबंध वाचताना त्यांच्या लक्षात आले, की त्या गणितात आयनीभवन ऊर्जेचा प्रयोगाने मिळालेला आकडाच घातला पाहिजे. साहा यांनी तो घातला. तापमान, दाब आणि आयनीभवन ऊर्जा ठाऊक असेल, तर एखाद्या मूलद्रव्याचे किती अणू इलेक्ट्रॉन गमावून बसले असतील हे सांगणारे समीकरण तयार झाले आणि १९२० साली ते ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

एक जुने कोडे त्याने सुटले. सूर्याच्या वर्णपटात सोडियमच्या रेषा ठळक, पण रुबिडियम आणि सीझियमच्या रेषा सापडत नव्हत्या. ही मूलद्रव्ये सूर्यावर नसतीलच, असे वाटणे स्वाभाविक होते. साहा यांनी आयनीभवन ऊर्जेकडे बोट दाखवले. सुमारे ६,००० अंशांच्या उष्णतेत रुबिडियम आपला सैल इलेक्ट्रॉन धरून ठेवू शकत नाही, म्हणून साध्या रुबिडियमच्या रेषा दिसत नाहीत. सौरडागांत तापमान कमी असते, तिथे शोधा, असे त्यांनी सांगितले. १९२२ साली हेन्री नॉरिस रसेल यांना सौरडागांच्या वर्णपटात रुबिडियमच्या रेषा मिळाल्या.

साहा समीकरण हाती घेऊन सेसिलिया पेन यांनी हार्वर्डमध्ये १९२५च्या प्रबंधात ताऱ्यांच्या घटकांचा हिशोब केला, तेव्हा उत्तर आले, की तारे प्रामुख्याने हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. हे उत्तर तेव्हाच्या समजुतीला इतके सोडून होते, की रसेल यांच्या सांगण्यावरून पेन यांनी ते खरे नसावे असे लिहिले. १९२९ साली रसेल स्वतःच त्याच निष्कर्षावर आले. विश्व कशाचे बनले आहे, हे आपल्याला अणूच्या एका मोजलेल्या गुणामुळे कळले, आणि त्या वाटेवरचा पहिला टप्पा कलकत्त्यात गाठला गेला.

अणूची फूटपट्टी

इकडे अणूच्या आकाराचे मोजमापही बदलत होते. अणुघनफळात अणूंमधली रिकामी जागाही मोजली जाई. फॉस्फरस-गंधकाशी मायर यांचा आलेख पुन्हा चढतो तो यामुळे. अणू मोठे होत नाहीत, त्यांची रचना सैल असते. खरे अंतर मोजायला क्ष-किरण लागले. वयाच्या पंचविसाव्या वर्षी वडिलांसोबत नोबेल मिळवणारे विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९२० साली स्फटिकांतल्या अंतरांवरून अणुत्रिज्यांची यादी केली. आवर्ताच्या आरंभीचे अल्क धातू तीत सर्वांत मोठे होते आणि शेवटाकडचे अणू लहान.

पण अंतराची वाटणी कशी करायची? मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोरीन यांच्या केंद्रकांमध्ये २.८२ अँगस्ट्रॉम अंतर असते. यातला सोडियमचा वाटा किती? १९२६ साली ऑस्लोमध्ये व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी शेकडो संयुगांच्या मोजमापांवरून आयनांच्या त्रिज्या बसवल्या. इलेक्ट्रॉन गमावलेला सोडियम आक्रसून सुमारे १ अँगस्ट्रॉमचा होतो, इलेक्ट्रॉन मिळवलेला क्लोरीन फुगून १.८चा. ब्रॅग यांची वाटणी इथे चुकली होती. गोल्डश्मिट यांचे कोष्टक पुढे टिकले.

त्यांचे दुसरे मोठे काम म्हणजे लँथनाइड आकुंचन. लँथनमपासून ल्युटेशियमपर्यंत चौदा पायऱ्यांत केंद्रकावरचा प्रभार वाढत जातो, पण नवे इलेक्ट्रॉन आतल्या कवचात जातात आणि बाहेरच्यांना केंद्रकापासून पुरते झाकत नाहीत. परिणामी आयनाची त्रिज्या १.०३ अँगस्ट्रॉमवरून ०.८६वर येते. १९२५ साली गोल्डश्मिट यांनी या घटनेला नाव दिले. तिचा परिणाम दोन वर्षे आधीच कोपनहेगनमध्ये दिसला होता. ७२व्या जागेचे मूलद्रव्य झिर्कोनियमसारखे असणार, असे बोर यांच्या मांडणीवरून निघत होते. डिर्क कोस्टर आणि जॉर्ज हेवेशी यांनी झिर्कोनियमच्या खनिजातच ते शोधले. त्याचे नाव हाफ्नियम. खालच्या ओळीतला अणू मोठा असायला हवा, पण आकुंचनामुळे हाफ्नियम आणि झिर्कोनियमच्या आयनांत जेमतेम एक शतांश अँगस्ट्रॉमचा फरक उरला. म्हणूनच ते इतकी वर्षे लपून राहिले होते.

याचा संबंध महाराष्ट्राशीही आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९पासून इंधनाच्या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरल्या जातात, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे शोषत नाही. हाफ्नियम मात्र त्याच्या शेकडो पट शोषतो. आकाराने जुळ्या भावंडांसारखे असलेले हे दोन धातू वेगळे केल्याशिवाय अणुभट्टीची नळी बनत नाही, आणि ते वेगळे करणे अवघड आहे ते लँथनाइड आकुंचनामुळेच.

कारण सापडले

१९२५-२६मध्ये पाउली, हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांच्या कामातून पुंजयामिकी उभी राहिली आणि मायर यांच्या डोंगररांगेचे कारण अखेर स्पष्ट झाले. कीर्तनात पुढच्या रांगेतल्यांचे फेटे मागे बसलेल्याच्या आणि कीर्तनकाराच्या आड येतात. शेजारी बसलेला मात्र आड येत नाही. अणूत असेच घडते. आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन बाहेरच्याला केंद्रकापासून झाकतात, त्याच कवचातले शेजारी फारसे झाकत नाहीत. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकाचा प्रभार वाढतो, नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतो, म्हणून ओढ वाढते, अणू आक्रसतो आणि इलेक्ट्रॉन काढणे कठीण होते. लिथियमची आयनीभवन ऊर्जा ५.३९, तर त्याच ओळीच्या टोकाला असलेल्या निऑनची २१.५६. मग नवे कवच उघडते आणि सोडियमला आकडा ५.१४वर कोसळतो.

ही चढण सलग नाही. बेरिलियम ९.३२, पण पुढचा बोरॉन ८.३०. नायट्रोजन १४.५३, पण पुढचा ऑक्सिजन १३.६२. बोरॉनचा नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचातल्या अधिक ऊर्जेच्या उपकवचात जातो, म्हणून तो सोडवणे सोपे. ऑक्सिजनमध्ये एका कक्षकात दोन इलेक्ट्रॉनांना जोडीने राहावे लागते, त्यांचे प्रतिकर्षण त्यातल्या एकाला सैल करते. या दोन खाचा अणूच्या आत उपकवचे खरोखर असल्याची खूण आहेत. कल सरळ रेषेत असता, तर त्यांचा असा पुरावा आलेखात मिळाला नसता.

२३ मार्च १९६२

आयनीभवन ऊर्जेच्या आलेखात शिखरांवर राजवायू बसले: हेलियम २४.५९, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन. त्यांच्या निष्क्रियतेवर सर्वांची श्रद्धा होती. आंरी म्वासाँ यांनी १८९५ साली आर्गॉनवर फ्लोरिनचा मारा करून पाहिला, काही घडले नाही. १९३३ साली लायनस पॉलिंग यांनी झेनॉनची संयुगे संभवतात असे म्हटले, पण त्यांच्याच संस्थेत झालेला प्रयत्न फसला. त्यानंतर सुमारे तीस वर्षे पाठ्यपुस्तके हे वायू संयोग पावत नाहीत असेच शिकवत राहिली.

कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नील बार्टलेट हे तिशीतही न पोचलेले ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड या गडद लाल वायूवर काम करत होते. हा वायू ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन हिसकावतो, हे त्यांनी दाखवले होते. १९६२च्या आरंभी एका व्याख्यानाची तयारी करताना आयनीभवन ऊर्जेचा तो नेहमीचा, पाठ्यपुस्तकातला आलेख त्यांच्यासमोर आला. झेनॉनचा आकडा १२.१३. ऑक्सिजनच्या रेणूचाही १२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या थोडा वर. जो वायू ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन काढू शकतो, तो झेनॉनचाही काढू शकेल.

२३ मार्चच्या संध्याकाळी ते प्रयोगशाळेत एकटेच होते. एका बाजूला लाल वाफ, दुसऱ्या बाजूला रंगहीन झेनॉन, मध्ये काचेचा पडदा. पडदा फोडताच दोन्ही वायू मिसळले आणि क्षणात नळीच्या भिंतीवर पिवळसर नारिंगी घन पदार्थ जमला. जगातले हे राजवायूचे पहिले खरे संयुग. तो पदार्थ बार्टलेट यांनी लिहिलेल्या सूत्रापेक्षा अधिक गुंतागुंतीचा असल्याचे पुढे कळले, पण झेनॉन संयोग पावतो ही गोष्ट पक्की झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीने झेनॉन टेट्राफ्लोराइड बनवले आणि निष्क्रियतेचा सिद्धांत मागे पडला.

कार्ल्सरूहेपासून व्हँकुव्हरपर्यंतच्या या शंभर वर्षांचा माझ्या मते एकच निष्कर्ष आहे. या क्षेत्रातली मोठी पावले आकडे पुन्हा नीट वाचणाऱ्यांनी टाकली. मेंडेलीव्ह यांना गॅलियमची घनता खटकली, बोर यांनी ४.९ व्होल्टचा अर्थ तपासला, साहा यांनी दिसत नसलेल्या रेषांचे कारण आयनीभवन ऊर्जेत शोधले, बार्टलेट यांनी दोन आकड्यांची जवळीक हेरली. आकडे सर्वांसमोर उघडे होते.

आपल्या शाळांत हा विषय दोन ओळींत उरकतो: आवर्तात उजवीकडे अणू लहान होतो, गणात खाली मोठा होतो. मुले ते पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की त्या ओळी फळ्यावर लिहिण्याआधी मुलांच्या हाती आलेख कागद आणि पहिल्या वीस मूलद्रव्यांच्या आयनीभवन ऊर्जांची यादी द्या. बिंदू त्यांनाच मांडू द्या. आणि बोरॉनपाशी व ऑक्सिजनपाशी आलेख खाली का उतरतो, हे तुम्ही सांगू नका, त्यांना विचारा.